नव्या गावी आलेले मूल

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेत कोणत्या विषयावर बोलावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य केंद्रप्रमुखांनी मला दिले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पटनोंदणी, उपस्थिती, पोषण आहार, वाचन-लेखनाची पातळी या विषयांवर आपण नित्य बोलतो आणि परिपत्रकेही बहुधा त्याच विषयांवर निघतात. आज मी एका निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. वर्षाच्या मध्येच, कोणतीही पूर्वसूचना नसताना, एखादे मूल आपल्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहते. त्याच्या हातात कधी दाखला असतो, कधी नसतो. बरोबर आई असते, मामा असतो, किंवा घरचे कोणीच नसते. शेजारच्या मुलाने त्याला हाताला धरून आणलेले असते. आपण नाव विचारतो. ते हळू आवाजात काहीतरी सांगते. कोणीतरी हसते. आपण हजेरीत नाव लिहून घेतो, मागच्या ओळीतील रिकामी जागा दाखवितो आणि फळ्याकडे वळतो. या पाच मिनिटांत त्या मुलाच्या दृष्टीने पुष्कळ काही घडून गेलेले असते. त्या पाच मिनिटांचा आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांचा विचार आपण आज करू.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात असे मूल ही दुर्मिळ गोष्ट नव्हे. दसरा-दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या कारखान्यांच्या परिसरात उतरतात आणि उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. वीटभट्ट्यांवर कुटुंबे येतात. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली, त्यांची नातवंडे व पणतवंडे आज आपल्या शाळांत शिकत आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि म्हातारी माणसे अजूनही ते पाहावयास जातात. यावरून गाव सुटणे म्हणजे काय, हे आपणास वेगळे सांगावयास नको. यांखेरीज नोकरीतील बदल्या आहेत, कर्जापायी शेत विकून शहराची वाट धरणारे आहेत, आणि ज्यांविषयी गावात कुजबूज होते पण उघडपणे कोणी बोलत नाही, अशी घरेही आहेत. कारणे अनेक असोत. वर्गाच्या दारात येऊन उभे राहणारे मूल मात्र बहुतेक सारखेच असते.

मोठा माणूस घर बदलतो, तेव्हा त्याचे कारण त्यास ठाऊक असते. किती दिवसांसाठी जावयाचे, तेथे गेल्यावर काय मिळणार, येथे राहिल्यास काय होणार, याचा हिशेब त्याने रात्र-रात्र जागून केलेला असतो. मुलाला हा हिशेब कोणी सांगत नाही. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण यांबरोबर तेही टेम्पोत चढविले जाते. पुष्कळदा आदल्या रात्री त्याच्या कानावर गोष्ट येते आणि सकाळी गाव मागे पडते. निरोप घेण्याचे त्यास सुचत नाही आणि कोणी सुचवीतही नाही.

मग त्याचे नेमके काय हरवते? आपण म्हणतो, घर हरवले. पण सात-आठ वर्षांच्या मुलाला भिंतींचे व छपराचे फारसे प्रेम नसते. त्याच्याजवळ एक विद्या असते आणि ती विद्या एका गावापुरतीच उपयोगी पडणारी असते. कोणत्या गल्लीतील कुत्रे अंगावर येते, कोणत्या चिंचेचा पाला गोड लागतो, कोणाच्या अंगणातून गेले तर ओरडा मिळत नाही, तहान लागली तर कोणत्या दारी पाणी मागावे, एस.टी. किती वाजता येते आणि तिचा आवाज ओढ्यापलीकडून कसा ऐकू येतो, हे सर्व त्याला पाठ असते. आपल्या गावात ते मूल या विद्येत पंडित असते. नव्या गावी आल्याबरोबर ते निरक्षर होते. दुसरीही एक गोष्ट आहे. जुन्या गावी त्याला ‘तू कोणाचा?’ असे विचारावे लागत नसे. पारावरच्या म्हाताऱ्यालाही ते ठाऊक होते. येथे पावलोपावली तोच प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर देऊनही विचारणाऱ्यास काही बोध होत नाही, कारण त्याच्या बापाला येथे कोणी ओळखत नाही. ओळख नसणे म्हणजे काय, याचा अनुभव त्याला जन्मात प्रथमच येत असतो.

आपल्यापैकी बहुतेकांनी बदली अनुभवलेली आहे. नव्या शाळेतील पहिल्या आठवड्यात खडूची पेटी कोठे असते हे विचारावयासही आपल्याला संकोच वाटतो. आपण प्रौढ आहोत, सुशिक्षित आहोत, हाती शासकीय आदेश असतो आणि गावकरी आपणास ‘गुरुजी’ म्हणून नमस्कार करतात. तरीही हा संकोच होतो. त्या मुलाच्या हाती यांपैकी काहीच नसते.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती सांगतो. नव्याने आलेल्या मुलाची बुद्धी जोखण्याची घाई आपण फार करतो. ते उत्तर देत नाही, पाटीवर काही लिहीत नाही, वाचावयास उभे केले तर पहिल्याच ओळीत अडखळते. आठवडाभरात आपण मनात, आणि कधी कधी वर्गाच्या देखत, निकाल देऊन टाकतो की मूल मंद आहे. तो निकाल मग त्याच्या मागे लागतो. शिक्षक-खोलीत तो बोलला जातो, पुढच्या वर्गशिक्षकाच्या कानी जातो, आणि वर्गातील मुलांनी तर तो आधीच ऐकलेला असतो. वास्तविक त्या आठवड्यात मुलाचे सारे लक्ष दुसऱ्याच अभ्यासात गुंतलेले असते. येथे कोण मारतो, कोण खोड्या काढतो, गुरुजी केव्हा रागावतात, लघवीला जाण्यासाठी काय म्हणावयाचे असते, जेवताना कोणाशेजारी बसावयाचे, हा त्याचा अभ्यासक्रम असतो आणि तो कठीण असतो. पाढ्यांसाठी त्याच्याजवळ शक्ती उरलेली नसते.

काही वर्षांपूर्वी कारखान्याजवळच्या एका शाळेत तपासणीसाठी मी गेलो होतो. तिसरीत एक ऊसतोड कामगाराचा मुलगा होता. बेरजा करता येत नाहीत, असा शेरा त्याच्या नावापुढे होता, आणि फळ्यावरची बेरीज त्याने खरोखरच केली नाही. मधल्या सुट्टीत मी त्याच्याशी वाढ्याच्या पेंढ्यांविषयी बोलू लागलो. उसाची वाढी गुरांसाठी विकावयाची असतात आणि ते काम तो आईबरोबर करीत असे. कालच्या किती पेंढ्या, आजच्या किती, गाडीवाल्याने किती नेल्या, किती उरल्या, किती पैसे यावयाचे, हे त्याने न अडखळता सांगितले. त्यात हातच्याची बेरीज होती, वजाबाकी होती आणि थोडा गुणाकारही होता. तेथील बाई समंजस होत्या. त्यांनी त्याच दिवशी पेंढ्यांचे उदाहरण फळ्यावर घेतले आणि ते सोडविण्यासाठी त्या मुलाला पुढे बोलाविले. शेरा त्यांनी स्वतः खोडला. मला वाटते, निदान तीन आठवडे नव्या मुलाच्या नावापुढे कोणताही शेरा लिहू नये. त्याची पातळी समजून घेण्यास हरकत नाही. ती अवश्य घ्यावी. पण एकट्याला जवळ बसवून, गप्पांच्या ओघात, परीक्षा चालली आहे असे त्यास न वाटू देता घ्यावी.

पहिल्या दिवशी काय करावे, हे थोडक्यात सांगतो. वर्गासमोर उभे करून त्याची उलटतपासणी करू नये. ‘तुमचे गाव का सोडले?’, ‘वडील काय करतात?’, ‘तिकडे कितवा नंबर होता?’ हे प्रश्न सहानुभूतीने विचारले तरी चाळीस डोळ्यांपुढे त्यांची उत्तरे देणे कठीण असते. त्याचे नाव आपण प्रथम नीट ऐकून घ्यावे, बरोबर उच्चारावे आणि त्याच्या आडनावावरून कोणी विनोद करू लागल्यास तेथेच थांबवावे. मागची रिकामी जागा त्याला देऊ नये. बोलका, परंतु चेष्टेखोर नसलेला असा एक सोबती निवडून त्याच्याजवळ बसवावे. हा सोबती वर्गातला हुशार मुलगाच असावा असे नाही. माझा अनुभव तर असा आहे की, जे मूल स्वतः कधीतरी बाहेरून आलेले असते, ते हे काम सर्वांत चांगले करते. त्याने नव्या मुलाला शाळा दाखवावी: पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, घंटा, जेवणाची जागा. आणि पहिल्याच दिवशी त्या मुलाला एखादे काम सोपवावे. फळा पुसणे, वह्या वाटणे, कुंडीला पाणी घालणे, असे कोणतेही काम चालेल. ज्याच्याकडे काम असते, त्याला वर्गात उभे राहण्यास कारण मिळते.

दाखल्याविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आहे. त्याच्या पाचव्या कलमानुसार दाखला येण्यास विलंब झाला, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही आणि लांबविताही येत नाही. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा आहे. विलंब केल्यास तो शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. वयाचा पुरावा नाही, म्हणूनही मूल परत पाठविता येत नाही. मध्येच शाळा सुटलेले मूल असेल, तर त्याला वयानुरूप वर्गात बसवावे आणि मागे पडलेला भाग विशेष प्रशिक्षणाने भरून काढावा, असे चौथे कलम सांगते. हे आपणास माहीत आहे. तरीही ‘कागद घेऊन या, मग पाहू’ असे सांगून पाठविलेली मुले आठ-आठ दिवस कोपीवर बसून राहिल्याची उदाहरणे घडतात. संगणकावरील नोंद एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्यास वेळ लागतो, हे खरे आहे. ती नोंद होईपर्यंत मुलाला वर्गात बसू देण्यास कोणाची आडकाठी नाही.

आता पुनर्वसित वस्त्यांकडे वळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांतील ५२ गावे पुढे नव्या जागी वसविण्यात आली. त्यांपैकी एका गावच्या शाळेत मी उमेदीच्या काळात शिक्षक होतो. नवे गाव सरळ रेषांनी आखलेले होते. रस्ते रुंद, घरे एकसारखी, एका ओळीत. मोठ्या माणसांना त्यात सुरक्षितता वाटे. पहिली-दुसरीतील मुलांना मात्र आपले घर ओळखू येत नसे. जुन्या गावी गल्लीचे वळण, वाड्याची देवडी, कडुनिंब, उकिरडा अशा खुणा होत्या; येथे खूणच नव्हती. शाळा सुटल्यावर काही मुले भलत्याच ओट्यावर जाऊन बसत आणि रडू लागत. आमच्या मुख्याध्यापकांनी एके दिवशी गेरू आणि चुना आणविला व प्रत्येक मुलाने आपल्या घराच्या दाराशेजारी एक चित्र काढावे, असे सांगितले. कोणी बैल काढला, कोणी पोपट, कोणी विळा, तर एका मुलीने नुसतेच पाच ठिपके काढले. त्यानंतर घर चुकण्याचे थांबले, पण त्याहून महत्त्वाचे असे की, ‘पोपटाचे घर’, ‘पाच ठिपक्यांचे घर’ अशी नावे रूढ झाली आणि मोठी माणसेही ती वापरू लागली. गावाला गल्ल्या मिळाल्या, असे म्हणावयास हरकत नाही. सरदार सरोवरामुळे नर्मदाकाठच्या डोंगरातून तळोदा-शहादा भागात आणलेल्या कुटुंबांच्या मुलांना तर डोंगरच दिसेनासा झाला. अशा ठिकाणी शाळेने मुलांकडून जुन्या गावाचा नकाशा काढून घ्यावा. भूगोलाच्या तासाला तो अत्यंत उपयुक्त पाठ होतो आणि मुलाच्या जवळच्या विद्येचा त्यात मान राखला जातो. नकाशा काढताना एखादे मूल रडले तर पाठ बिघडला असे समजू नये. थोडा वेळ त्याला रडू द्यावे, जवळ बसावे.

एक सूचना येथेच करतो. धरणग्रस्त, भूकंपग्रस्त हे शब्द कार्यालयीन कागदांवर असू द्यावेत. वर्गात ‘पुनर्वसनातली मुले उभी राहा’ असे पुकारणे योग्य नव्हे. शिष्यवृत्तीची किंवा दाखल्याची यादी करावयाची असेल, तर नावे घेऊन करावी.

काही मुले आजोळी राहावयास येतात. याविषयी अधिक नाजूकपणे बोलले पाहिजे. मामाचे गाव हे सुट्टीत आनंदाचे ठिकाण असते. आंबे असतात, विहीर असते, लाड असतात. पण सुट्टी संपली, शाळा सुरू झाली आणि तरीही आई परत निघण्याचे नाव काढीत नाही, तेव्हा तेच घर मुलाला निराळे दिसू लागते. आई कमी बोलते, आजी डोळे पुसते, मामी भांडी जरा जोरात ठेवते. बाप वारला असेल, किंवा दारू पीत असेल, किंवा दोघांचे पटत नसेल. मुलाला सर्व कळत असते आणि ते सर्व लपविण्याची जबाबदारी आपलीच आहे, असे त्याला वाटत असते. असे मूल वर्गात खोटे बोलते. ‘माझे वडील पुण्याला मोठ्या कंपनीत आहेत’, ‘आमच्या गावची शाळा दोनमजली होती’, ‘आम्ही दिवाळीला परत जाणार आहोत’. वर्गातील मुले ते खोडून काढतात, कारण गावात सर्वांना सर्व ठाऊक असते. अशा वेळी शिक्षकाने न्यायाधीश होऊ नये. ‘असेल बरे, तिकडची शाळा कशी होती ते सांग’ असे म्हणून पुढे जावे. ते मूल आपणास फसवीत नसते. स्वतःभोवती आडोसा उभा करीत असते, आणि त्याला आडोशाची आवश्यकता असते. मग काही महिन्यांनी, वर्गात जागा पक्की झाल्यावर, तो आडोसा ते स्वतःच काढून टाकते. आईशी बोलताना ‘पुन्हा केव्हा जाणार?’ असे विचारू नये. हजेरीपटावर वडिलांचे नाव असते म्हणून ते रोज मोठ्याने पुकारलेच पाहिजे असे नाही. मुलाचे व आडनाव एवढे पुरते.

याच संदर्भात, जे मूल कोठेही गेलेले नाही त्याचीही आठवण ठेवली पाहिजे. आई-बाप तोडणीला गेले आणि मूल आजीजवळ मागे राहिले, तर घर तेच, गाव तेच, शाळाही तीच असते. तरी त्याचे घर बदललेलेच असते. हंगामी वसतिगृहाची सोय पुष्कळ ठिकाणी झाली, जेवणाची व्यवस्था झाली आणि त्यामुळे शाळा तुटत नाही, ही मोठी गोष्ट आहे. परंतु नोव्हेंबर ते मार्च या काळात अशी मुले संध्याकाळी उगाच शाळेभोवती रेंगाळताना दिसतात. त्यांना हाकलू नये. आई-वडिलांना फोन लावून देण्याचे काम शिक्षकाने आठवड्यातून एकदा केले, तर ते अभ्यासाइतकेच उपयोगी पडते.

भाषेविषयी बोलल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही. आपण मराठी बोलतो आणि तेही मूल मराठी बोलते, मग अडचण कोणती, असे कोणी विचारील. पाठ्यपुस्तक सर्व राज्यात एकच आहे. पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे बालभारतीची, स्थापना १९६७ साली झाली, तेव्हापासून बीडहून पंढरपूरकडे आलेल्या मुलाला निदान तेच पान आणि तेच चित्र पुन्हा भेटते. हा दिलासा लहान नव्हे. नव्या मुलाला पहिल्या दिवशी त्याच्या ओळखीचा धडाच वाचावयास द्यावा. परंतु पुस्तकाबाहेर पाऊल टाकले की शब्द बदलतात. कोठे आईला माय म्हणतात, कोठे कालवणाला कोरड्यास म्हणतात. अहिराणी बोलणारे मूल मुलाला आंडोर म्हणते, मालवणीत मुलीला चेडू म्हणतात. गोरमाटी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाचे तर घरचे सर्वच शब्द निराळे. वर्ग हसतो तो येथे, आणि हसण्याला एकदा तोंड फुटले की ते मूल महिनाभर तोंड उघडीत नाही. ‘शुद्ध बोल’ असे म्हणून आपणही त्या हसण्यात सामील होतो. त्याऐवजी एका शिक्षिकेने केलेला प्रयोग मला फार आवडला. त्यांनी वर्गात ‘शब्दांची वही’ ठेवली होती. नवे मूल आले की त्याच्या गावचे दहा शब्द त्यात लिहावयाचे आणि त्यांना आपल्याकडे काय म्हणतात ते शेजारी लिहावयाचे. लिहिण्याचे काम त्या मुलाचे व त्याच्या सोबत्याचे. ज्या शब्दाला कालपर्यंत हसत होते, तोच शब्द आज पाठ करीत मुले मैदानात पळत होती. मुलांना नवा शब्द हा नव्या गोटीसारखा असतो. प्रमाण भाषा अवश्य शिकवावी. पण तिच्यासाठी आईची भाषा दाराबाहेर ठेवून यावयास सांगू नये.

पालघरकडे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे काम केले, ते आपणापैकी पुष्कळांनी प्रशिक्षणाच्या काळात वाचले असेल. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मूल जेथे आहे तेथे आपण जावे, ही दृष्टी त्यात आहे. आपल्याला कोपीपर्यंत जाण्यास दोन किलोमीटर चालावे लागेल, इतकेच. एकदा तेथे जाऊन आलेल्या शिक्षकाला मूल उशिरा का येते, गृहपाठ का करीत नाही, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वर्गात का बसते, हे विचारावे लागत नाही. धाकटे भावंड आणल्यास बसू द्यावे. त्याची अडचण होते हे खरे. पण त्याला घरी पाठविले तर थोरली बहीणही घरी जाते.

‘चार महिन्यांनी जाणाऱ्या मुलासाठी एवढा खटाटोप कशाला?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. मी त्यांस सांगतो, ते मूल चार महिन्यांनी दुसऱ्या शाळेत जाणार आहे. शाळा या गोष्टीविषयीचे त्याचे मत आपल्या शाळेत बनणार आहे आणि ते मत घेऊनच ते पुढच्या दारात उभे राहील किंवा राहणार नाही.

मूल पाठविणाऱ्या शाळेचेही एक काम असते व ते बहुधा होत नाही. कुटुंब जाणार असे कळले की दाखला व शिक्षण हमी कार्ड तयार ठेवावे, हे झालेच. पुस्तके व अर्ध्या भरलेल्या वह्या मुलाबरोबर पाठवाव्यात. त्या काढून घेऊ नयेत. नव्या शिक्षकास उद्देशून चार ओळींची चिठ्ठी द्यावी: मूल कोणत्या धड्यापर्यंत आले आहे, त्याला काय आवडते, कशाने बिथरते. अशी चिठ्ठी वाचणारा शिक्षक त्या मुलास वेगळ्या नजरेने पाहतो. शेवटच्या दिवशी वर्गाने त्याला निरोप द्यावा. भाषणे नकोत, हारतुरेही नकोत. प्रत्येकाने एका कागदावर आपले नाव व एक चित्र काढून द्यावे आणि मुलाला शाळेभोवती एक फेरी मारू द्यावी. ‘तू परत आलास की येथेच बसायचे’ असे ठामपणे सांगावे, आणि ते मूल परत येणारे असेल तर त्याचे नाव भिंतीवरच्या यादीतून पुसू नये. पोस्टकार्ड अद्याप मिळते. पत्रलेखनाचा पाठ पाचवीत शिकवावयाचाच आहे. तो गेलेल्या मित्राला पत्र लिहून शिकविला तर पत्राला उत्तरही येण्याची शक्यता असते.

पालकसभेत पालकांनाही काही सांगता येईल. जाण्याचे नक्की झाले की मुलाला स्पष्ट सांगावे; त्याच्यापासून लपवून ठेवल्यास त्याची भीती वाढते. सामान बांधताना त्याच्या वाट्याची एक पिशवी द्यावी आणि त्यात काय घ्यावयाचे ते त्यानेच ठरवावे, मग ते फुटकी चाके व दगड का असेनात. नव्या जागी पहिल्या दिवसापासून जेवण-झोपेची वेळ शक्य तितकी जुनीच ठेवावी, जुनीच गोधडी पांघरावयास द्यावी. ‘आता रडायचे नाही, मोठा झालास’ असे म्हणून गप्प करू नये. काही दिवस पोट दुखणे, अंथरुणात लघवी होणे, चिडचिड वाढणे, भावंडांना मारणे असे प्रकार होतात. त्यावर मारणे हा उपाय नाही, हे आपण सांगितल्यास पालक ऐकतात. शेजाऱ्याने सांगितले तर ऐकत नाहीत. दोन-अडीच महिने लोटूनही मूल मुळीच बोलत नसेल, जेवण तुटले असेल, किंवा शाळेचे नाव काढताच थरथरत असेल, तर शाळेची आरोग्य तपासणी करणाऱ्या पथकाच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या ते लक्षात आणून द्यावे.

पुढील महिन्याच्या परिषदेस येताना प्रत्येक शाळेने एक कागद आणावा, अशी माझी विनंती आहे. जूनपासून आपल्या शाळेत बाहेरून आलेल्या मुलांची नावे त्यावर असावीत. नावापुढे जुने गाव, आल्याची तारीख आणि त्याचा सोबती कोण हे लिहावे. चौथ्या रकान्यात त्या मुलाला चांगले येते असे एखादे काम लिहावे, मग ते पुस्तकातले असो वा नसो. गुण, श्रेणी, टक्केवारी नको. रकाना रिकामा राहिला तर तो तसाच घेऊन या. आपण त्याच मुलापासून बोलावयास सुरुवात करू.